नरसय्यामामांचं नितळ पाणी

आधीच क्षमा मागतो. लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणतो, पगाराच्या दिवशी अजून अंगठा उठवतात. इथे पुण्याला वसतिगृहात माझ्या खोलीतले सोबती आपल्या मास्तरांवर, आजोबांवर लिहितात, आणि ती माणसं लिहिण्याजोगी असतातही. मी लिहिणार आहे तो सोलापुरातल्या आमच्या अंगणातल्या एका रंगाऱ्यावर. त्यांना स्वतःला हे आवडलं नसतं. माणसाच्या माघारी बोललेलं त्यांना खपत नसे. जे असेल ते तोंडावर सांग, असं ते म्हणत. मला ते धाडस कधी झालं नाही, म्हणून हा कागद.

नरसय्यामामा सूत रंगवत. साखर पेठेच्या मागच्या बोळात बसप्पा अण्णांचं घर आहे. पुढे अण्णांचं तेलाचं दुकान, मागे फरशीचं अंगण आणि अंगणाभोवती आम्ही सहा बिऱ्हाडं. आमची एक खोली. दादा जेऊरकडची मेंढरं सोडून गिरणीत आले तेव्हापासूनची. नरसय्यामामांच्या दोन, आणि त्यांच्या दारापुढचा अंगणाचा कोपराही त्यांचाच. तिथे चुलाण होतं आणि चुलाणावर तांब्याची मोठी कढई. ते फक्त लाल रंगवत, आणि रंग धरावा म्हणून सूत आधी हिरडा-तुरटीच्या पाण्यात भिजवत. लुगड्याच्या काठाला लागतो तो लाल. त्यांचे हात कोपरापर्यंत त्याच रंगाचे होते. लग्नाकार्यात पंगतीला बसले की वाढणारा नवखा माणूस एकदा तरी थबकून बघे, आणि मामा त्याला म्हणत, "मेहंदी नाय रा. वाढ."

मातृभाषा तेलुगू. मराठी बोलत ते आपल्या पद्धतीनं, आणि त्यावर कुणी हसलं तर थांबून त्याच्याकडे हसू संपेपर्यंत बघत राहत.

त्यांना तीन शब्दांचा राग होता: 'असंल', 'बघू' आणि 'बहुतेक'. मी मॅट्रिक झालो त्या दिवशी आईनं अंगणात साखर वाटली. मामांनी चिमूट तोंडात टाकली आणि विचारलं, "आता काय होणार तू?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू नको. सांग."

"बहुतेक पुढं शिकेन," मी म्हणालो. ते म्हणाले, "रंग बहुतेक लाल असते काय? लाल असते नाय तर नसते."

आणि आमच्या दादांचं तर निम्मं बोलणं 'असंल'वर चाले. पाऊस येईल का, असंल. गिरणीत संप होणार का, असंल. एका अंगणात दोघं अकरा वर्षं राहिले, पण सरळ असं बोलणं त्यांच्यात क्वचित झालं. दादा म्हणत, "त्यो माणूस न्हाय, तराजू हाय." मामा दादांचं नाव घेऊन म्हणत, "भागुजीला विचारलं तर सूर्यसुद्धा बहुतेक उगवते."

एका गोष्टीसाठी मात्र अंगणातलं लहानमोठं प्रत्येक माणूस त्यांच्या चुलाणाशी कधी ना कधी उभं राहिलं आहे. सूत रंगवून झालं की मामा कढईतलं उरलेलं पाणी तांब्यात घेत आणि जो कुणी समोर असेल त्याला हाक मारत. "ये रा, बघ. तळ दिसते?"

तळ दिसे. पाणी नितळ असे. सगळा रंग सुतात गेलेला असे.

यावरच त्यांचं नाव होतं. रंगाची पूड व्यापारी मोजून द्यायचा. जो रंगारी शेवटी लाल पाणी गटारात सोडतो तो व्यापाऱ्याचा माल वाया घालवतो, असं बाजारात धरत. मामांच्या कढईतलं पाणी नितळ म्हणून व्यापारी त्यांच्याकडे पूड न तोलता पाठवायचा. तशी पत पेठेत दुसऱ्या कुणाची नव्हती.

पुरावा हा त्यांचा देव होता, आणि तो देव दयाळू नव्हता. एकदा बुधवार पेठेतली एक बाई लुगडं घेऊन आली, काठाचा रंग उतरला म्हणून. मामांनी वाद घातला नाही. तिच्यामागून तिच्या घरी गेले, तिच्याच दारात तिच्याच घमेल्यात ते लुगडं साबणानं धुतलं. शेजारणी जमल्या. पाणी हिरवं झालं; उतरला होता तो काठाचा लाल नव्हे, लुगड्याच्या अंगाचा हिरवा, दुसऱ्या कुणी रंगवलेला. बाई ओशाळून आत जायला लागली तर म्हणाले, "नाय. इथं ओरडली होती, इथंच सांग." ती रडवेली झाली. तिनं सांगितलं तेव्हा कुठे ते हलले. ही हकिगत ते स्वतःच्या मोठेपणासाठी सांगत नसत, विचारलं तर म्हणत, "तिची चूक होती, तिनं सांगितली. संपली." इतकं सोपं ते त्यांना वाटे.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणातला नळ बिघडला.

बोळात घरात नळ असलेलं आमचंच एक घर. मोठ्या रस्त्याखालून पालिकेचा नळ जातो. तिथून बोळातून, मग अंगणाच्या फरशीखालून अण्णांच्या वडिलांनी लोखंडी नळ टाकून आणला होता. पाणी सकाळी दीड-दोन तास येई. त्या वर्षी चैत्रापासून धार बारीक होत गेली. मग सकाळचा पहिला हंडा तांबूस येऊ लागला. आई तो ओतून देई आणि दुसरा लावी. वैशाखात दुसराही तांबूस येऊ लागला. पलीकडच्या बिऱ्हाडातलं तान्हं मूल जुलाबानं हैराण झालं, तेव्हा बायकांनी नळाचं पाणी प्यायचं सोडलं आणि दोन बोळ सोडून असलेल्या विहिरीवर भर उन्हात खेपा सुरू झाल्या.

अण्णांनी हुसेनभाई म्हणून नळाचं काम करणारे एक होते त्यांना बोलावलं. त्यांनी अंगणात दोन जागी फरशी उचलली, माती काढली, पान्ह्यानं नळावर हलकेच ठोकलं. पान्हा आत गेला.

"टुकडा जोडके फायदा नै अण्णा," ते म्हणाले. "पूरी लाइन बदलनी पडती. रस्ते से लेके यहाँ तक."

जस्ती नळ, जोड, खणाई, रस्ता फोडण्याची पालिकेची फी, फरशी परत बसवणं. हुसेनभाईंनी मांडलेला हिशेब सत्तर रुपयांच्या पुढे गेला. दादांचा तीन महिन्यांचा पगार.

अण्णा वाईट गृहस्थ नव्हते. विचार करून म्हणाले, "नळ घराचा आहे, मी नाही म्हणत नाही. आपोआप गंजला असेल तर निम्मं मी घालतो, निम्मं तुम्ही सहा बिऱ्हाडं वाटून घ्या. पण कुणाच्या पाण्यानं कुजला असेल तर सगळं त्यानं भरावं. आणि त्याला मग हे काम या अंगणात करता येणार नाही."

नाव घेतलं नाही. सगळ्यांनी मात्र खड्ड्याकडे बघितलं. नळ सर्वांत जास्त सडला होता तो मामांच्या चुलाणाजवळ, जिथे ते कढई उपडी करत.

दादांची वाटणी सहा रुपयांच्या आसपास आली असती. माझ्या जूनच्या फीसाठी आईनं डाळीच्या डब्यात ठेवलेले होते तेवढेच. दादा सहसा पुढे होऊन बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"गंज असा गुलाबी असतुय व्हय? तुरटीचं पानी रोज तितंच मुरतंय की. तुरटी लोखंड खाती, हे गिरनीतलं पोरगंबी सांगंल."

मामा चुलाणापाशी बसले होते ते उठले. "माझी पाणी नितळ असते."

"असंल."

"असंल नाय. असते. अकरा वर्षं तू बघते."

"पयलं बघत हुतो. आता कोन बघतंय?"

हे खरं होतं, आणि मला ते तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं. दोनेक वर्षांत मामांनी कुणाला तांब्यातला तळ बघायला हाक मारली नव्हती. आता पाणी बघायला त्यांची बायको, लक्ष्मम्मा, शेजारी उभी असे. ती परपुरुषांसमोर बोलत नसे. सूत उकळत असताना ती नवऱ्याच्या कानाशी तेलुगूत हळू काहीतरी पुटपुटे. आम्हाला वाटायचं, घरातली भुणभुण असेल.

त्यानंतरचे चार-पाच दिवस अंगणात राहणं नको झालं. मामा आणि दादा एकमेकांच्या वाटेला येईनात. बायका हंडे घेऊन निघाल्या की लक्ष्मम्मा सर्वांत शेवटी, अंतर ठेवून निघे. कुणीतरी व्यापाऱ्याच्या कानावर घातलं, आणि व्यापाऱ्याचा मुनीम एक दिवस सहज म्हणून येऊन कढईत डोकावून गेला. मामांनी त्याला बसायला पाट दिला नाही. मुनीम गेल्यावर ते अण्णांच्या दुकानात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"उद्या सकाळी नळ येते तेव्हा सगळे थांबा. मी सूत टाकते त्या पाण्यात. हिरडा-तुरटी दिलेली सूत आहे. गंज असली तर सूत काळी होते. माझी रंग असली तर लाल होते. सूत सांगते. मग कुणी बोलायचं नाय."

रंगारी लोखंडाला भितात ते यासाठीच. हिरड्याला लोखंडाचा अंश लागला की तो काळा पडतो. ही परीक्षा खरी होती आणि सगळ्यांना कळण्यासारखी होती. मामांच्या चेहऱ्यावर मला त्या संध्याकाळी एक प्रकारचं समाधान दिसलं. मुनिमाला बोलवायलाही त्यांनीच माणूस पाठवला.

सकाळी नळाला पाणी आलं. मामांनी स्वतः मातीच्या मडक्यात पहिली धार धरली, मडकं चुलीवर ठेवलं, पांढरट पिवळ्या सुताची एक लहान लडी सर्वांना दाखवून आत सोडली. अण्णा, मुनीम, हुसेनभाई, दादा, मी, दारादारात बायका. पाणी उकळायला लागलं. मामा काठीनं लडी खालवर करत होते. पलीकडचं तान्हं मूल मध्येच रडलं आणि त्याच्या आईनं त्याला आत नेलं.

मामांनी काठीवर लडी उचलली, पिळली, झटकली, आणि रंग बघायची त्यांची नेहमीची जागा होती तिथे, छपराच्या सावलीत, दोन्ही हातांत ताणून धरली.

"बघा," ते म्हणाले. "काळी."

लडी लाल होती. फिकट, पण लाल. त्यांनी आयुष्यभर रंगवला तोच लाल.

मी आधी मुनिमाकडे बघितलं, मग अण्णांकडे. सगळे तिकडेच बघत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मामा चेष्टा करत नव्हते, खोटंही बोलत नव्हते. त्यांनी लडी डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली. "काळी," ते परत म्हणाले, थोडं हळू. तेव्हा मला त्यांच्या बुबुळांवरचा करडेपणा दिसला. किती दिवस तो तिथे होता कुणास ठाऊक. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायची आमच्यात कुणाची रीतच नव्हती.

हुसेनभाई वळून आपली हत्यारं आवरायला लागले.

दादा म्हणाले, "व्हय. काळंच हाय."

माझ्या आईनं दारातून त्यांच्याकडे बघितलं. सहा रुपये म्हणजे काय ते तिला माहीत होतं, आणि दादांना तर होतंच. ते पुढे म्हणाले, "गंजच हाय त्यो. वाटून घिऊ की सगळी."

"हो," अण्णा म्हणाले. "मग ठरलं तसं करू." मुनीम जमिनीकडे बघत होता. तोही काही बोलला नसता, असं मला अजून वाटतं.

मामा उभेच होते. इतक्या लवकर सगळे कबूल झाले, याचाच त्यांना संशय आला असावा. त्यांनी मान वळवली आणि बायकोला तेलुगूत काहीतरी विचारलं.

लक्ष्मम्मानं पदर पुढे ओढला. अकरा वर्षांत तिचा आवाज मी पुरुषांसमोर ऐकला नव्हता.

"एर्रगा उंदि," ती म्हणाली.

तेलुगू आम्हाला येत नव्हतं, पण हा शब्द अंगणातल्या पोरासोरांना येत होता. त्या कोपऱ्यात दिवसभर तोच ऐकू यायचा. लाल आहे.

मामांनी लडी खाली केली. बराच वेळ ती पिळत राहिले, तिच्यात पाणी उरलं नव्हतं तरी. मग दादांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"भागुजी, तुला लाल दिसली."

"मला तांबडं-काळं काय कळतंय? मी मेंढरातला मानूस."

"खोटं बोलते तू."

"असंल," दादा म्हणाले.

मामा हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. मुनिमाकडे वळून त्यांनी, बुधवार पेठेतल्या त्या बाईला लावलं होतं तसं, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं: पाणी माझ्या रंगाचं आहे, नळ माझ्या तुरटीनं खाल्ला, पैसे मी भरीन. मराठी नेहमीसारखीच वाकडी होती. कुणाला हसू आलं नाही.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. अण्णा त्याच दुपारी त्यांच्या दारात गेले. म्हणाले, निम्मं मी घालतो, माझी जबान परत घेतो. मामा म्हणाले, "जबान परत घेते तर दुकान कसं चालवते?" संध्याकाळी दादा गेले. त्यांना मामांनी आत बोलावलं, पाणी दिलं, आणि पैशाचं निघताच दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी मामांनी कढई तांबटाला विकली आणि त्याच्या माणसांनी ती हातगाडीवर चढवली. ती बोळातून बाहेर पडेपर्यंत मामा घरातून बाहेर आले नाहीत.

कढई विकून खरं काय करायचं होतं ते लक्ष्मम्मानं विहिरीवर माझ्या आईला सांगितलं. डोळे दोन वर्षांपासून जात होते. रंग कुठवर चढला, पाणी नितळ झालं की नाही, ते तीच कानाशी सांगायची. आणि पुढे पुढे पाणी गुलाबी असतानाही 'नितळ' सांगायची, कारण नाही म्हटलं तर मामा ते आणखी उकळत बसत आणि सूत बिघडवत. मोतीबिंदू काढायला मिरजेला नेण्याचं तिच्या मनात होतं. जाण्यायेण्याचा आणि तिथं राहण्याचा खर्च त्या कढईतून निघाला असता. ते पैसे आता बोळातल्या मातीखाली गेले. आईनं तिला विचारलं, मग तू तरी गप्प का राहिली नाहीस? ती म्हणाली, त्यांनी मला विचारलं होतं.

मी जूनमध्ये पुण्याला निघालो त्या दिवशी नवा नळ टाकून झाला होता, चर बुजायचा राहिला होता. पाणी सोडून बघत होते. मामा चरात उतरले होते. उकिडवे बसून, डोळे मिटून, तळहातानं एकेक जोड चाचपत ते बोळाच्या टोकाकडून अंगणाकडे सरकत होते. कुठे ओल लागते का ते बघत होते. हुसेनभाई वर उभे राहून बिडी ओढत होते आणि त्यांना घाई करत नव्हते. मी वाकून नमस्कार केला.

"कोण, म्हादू? चालला?"

"हो मामा."

"पुण्यात डोळ्याची दवाखाना आहे काय? पैसे न घेणारी?"

"असेल," माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच म्हणालो, "विचारून कळवतो."

"विचार," ते म्हणाले, आणि पुढच्या जोडाकडे सरकले.

मी विचारलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात गरिबांचं काम फुकट होत होतं; फक्त सोबत एक माणूस आणि चार दिवसांची सोय लागणार होती. ती मी वसतिगृहाच्या आचाऱ्याच्या ओळखीनं लावली आणि श्रावणात सोलापूरला जाणाऱ्या एकाबरोबर निरोप धाडला: कधीही या, स्टेशनवर मी घ्यायला येईन. उत्तर आलं नाही. दादांना लिहिता येत नाही, म्हणून मीही चिंता केली नाही. दर रविवारी मनात म्हणायचो, या आठवड्यात येतील.

दसरा झाल्यावर दादांच्या गिरणीतल्या खात्यातले तुकारामतात्या लेकीकडे पुण्याला आले, ते मला भेटायला वसतिगृहाच्या फाटकात उभे होते. आईनं दिलेली भाकरी-चटणी त्यांनी हातात दिली. घरची खुशाली सांगितली. मी मामांचं विचारलं.

"नरसय्या गेला की रं," ते म्हणाले. "तुला कळलं न्हाय व्हय? भादव्यात. ताप भरला, चार रोजात गेला."

मी विचारलं, माझा निरोप पोचला होता का.

"पोचला की. लई खूश झाला हुता. म्हनायचा, म्हादूनं विचारलं. भागुजीच घिऊन येनार हुता त्याला, खाडा करून. दोगांच्या तिकिटाचं पैसं भागुजीनंच बाजूला काडून ठिवलं हुतं." तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "त्येच मग लाकडाला लागलं."